चित्रांतील गोष्ट आणि वर्गातील मूल

(शहापूर तालुक्यातील एका केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)



आजच्या परिषदेत ‘वर्गातील गोष्ट’ या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी सूचना झाली आहे. विषय फार मोठा आहे. त्याचा एक लहानसा भाग, आणि तोही माझ्या अनुभवातला, आपणांपुढे मांडावा असे मी ठरविले आहे. रशियन लोककथांची सचित्र पुस्तके आपल्या खेड्यांतील मुलांस कशी दाखवावीत, कशी सांगावीत आणि तसे केल्याने काय साधते, एवढाच आजचा विषय.

‘रशियन कशाला, आपल्या गोष्टी संपल्या काय?’ असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आपल्या गोष्टी संपलेल्या नाहीत. परंतु त्या मुलांच्या तोंडून वर्गात येत नाहीत, अशी माझी तक्रार आहे. त्या बाहेर याव्यात म्हणूनच मी ही परक्या देशाची पुस्तके वर्गात नेली. त्याचा परिणाम काय झाला तो पुढे सांगतो.

माझे बालपण डोंबिवलीस गेले. १९८० च्या सुमारास आमच्याकडे सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शने भरत. मॉस्कोच्या ‘प्रगती प्रकाशना’ची आणि १९८२ पासून ‘रादुगा प्रकाशना’ची मराठी पुस्तके तेथे मिळत. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. मुंबईचे लोकवाङ्मय गृह या पुस्तकांचे वितरण करी. अनिल हवालदार यांच्यासारखे मराठी अनुवादक मॉस्कोत राहून हे काम करीत असत. सोव्हिएत सरकार त्यांचा बराच खर्च सोसत असल्यामुळे किंमत दोन-तीन रुपयांच्या घरात असे. त्या सरकारचा यात प्रचाराचा हेतूही होताच. ते आपण लपवू नये. परंतु कोल्हा, अस्वल आणि म्हातारा-म्हातारी यांच्या गोष्टी त्या सरकारपेक्षा शेकडो वर्षांनी जुन्या होत्या. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला, पुस्तकांचा तो ओघ आटला. गोष्टी मात्र राहिल्या. माझ्या वडिलांनी घेतलेले त्यातील एक पुस्तक आजही माझ्यापाशी आहे.

आता एक चूक कबूल करतो. १९९३ च्या जूनमध्ये मी याच तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेवर रुजू झालो. शाळेत खडू-फळा योजनेतून आलेली गोष्टींची पुस्तके होती. ती मी मोजून घेतली, जडसंग्रह नोंदवहीशी ताडून पाहिली आणि लाकडी कपाटात ठेवून कुलूप लावले. मुलांचे हात चिखलाचे, एखादे पान फाटले तर भरपाई माझ्या पगारातून होईल, अशी मला धास्ती होती. तसे मला कोणीही सांगितले नव्हते. ही भीती मीच पोसली होती. पुढल्या जूनमध्ये, सुटीनंतर, कपाट उघडले तेव्हा आत वाळवीची माती होती. वरची पुठ्ठ्याची पाने तेवढी जागेवर होती, आतील सर्व खाल्लेले. मुलांच्या हातून एकही पान फाटले नव्हते, कारण मुलांच्या हातात एकही पान गेलेच नव्हते.

त्या रविवारी घरी गेलो आणि लहानपणचे ते रशियन गोष्टींचे पुस्तक पिशवीत घालून आणले. नोंदवहीत त्याची नोंद नव्हती. त्यामुळे भीतीही नव्हती.

पहिली गोष्ट सांगितली ती सलगमाची. म्हाताऱ्याने सलगम लावले, ते प्रचंड वाढले. म्हातारा ओढतो, उपटत नाही. तो म्हातारीस हाक मारतो, म्हातारी नातीस, नात कुत्र्यास, कुत्रा मांजरास आणि मांजर उंदरास. उंदीर येताच सलगम निघते. एवढीच गोष्ट. सलगम आमच्या मुलांनी पाहिलेले नव्हते. त्याऐवजी मुळा म्हणावे असा विचार मनात आला होता. पण चित्र समोर होते, म्हणून मी काहीच बदलले नाही. मुलांनी चित्र पाहिले आणि ‘कांदा’ म्हणाली, ‘कंद’ म्हणाली, आणि मग सलगम हा शब्दही घेतला.

गोष्ट संपल्यावर, प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे, ‘एकीचे बळ’ हे तात्पर्य फळ्यावर लिहावयास मी वळलो. तेवढ्यात मागून एक आवाज आला. तो एका कातकरी मुलीचा होता. इयत्ता तिसरीत असूनही वर्षभरात ती माझ्याशी एक वाक्य बोलली नव्हती. तिची बोली वेगळी, माझी भाषा पुस्तकी. तिने तिच्या बोलीत विचारले की, या म्हाताऱ्याने भोवतालची माती पहारीने का उकरली नाही? पाने धरून ओढले तर पाने हातात येतील आणि कंद आतच राहील. मी तिला पुढे बोलाविले. करांदा कसा काढतात, वेल कोठे शोधावयाची, पहार किती तिरकी मारावयाची, हे तिने चित्रातील सलगमाभोवती बोट फिरवून सर्व वर्गास सांगितले. त्या दिवशी तात्पर्य लिहावयाचे राहून गेले.

बंधुभगिनींनो, मी ज्या मुलीस मुकी समजत होतो तिला माझ्यापेक्षा अधिक माहिती होती. ती सांगावयास तिला वर्गात आजवर जागा नव्हती. पाठ्यपुस्तकातील प्रश्नाचे उत्तर एकच असते आणि ते गुरुजींस ठाऊक असते, हे मुले पहिल्या महिन्यातच ओळखतात. चित्राचे तसे नाही. परदेशच्या चित्रापुढे तर गुरुजी आणि मूल दोघेही सारखेच अनोळखी असतात, आणि म्हणून मूल बोलू लागते.

दिवाळीनंतर ती मुलगी आई-बापांबरोबर भिवंडीकडील वीटभट्टीवर गेली. अशी गेलेली मुले पुष्कळदा परत येत नाहीत, हे आपणांस सांगावयास नको. ती पुढच्या जूनमध्ये आली. पुस्तकामुळे आली असे मी म्हणणार नाही. परंतु पहिल्या दिवशी तिने माझ्या पिशवीकडे बोट दाखविले, एवढे मला आठवते.

दुसरा अनुभव कल्याण तालुक्यातील आहे. २६ जुलै २००५ चा महापूर आपणांपैकी अनेकांनी पाहिला आहे. त्या वेळी मी उल्हास नदीकाठच्या एका शाळेवर होतो. गावातील खालच्या वस्तीत पाणी शिरले आणि कित्येक कुटुंबे काही दिवस शाळेच्या खोल्यांत राहिली. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुले भेदरलेली होती. मी पुस्तकातील सशाच्या घराची गोष्ट घेतली. कोल्हीचे घर बर्फाचे, सशाचे झाडाच्या सालीचे. वसंत ऋतू येतो, बर्फाचे घर वितळते. कोल्ही सशाकडे आसरा मागते, आत येते आणि सशालाच बाहेर काढते. पुष्कळ जनावरे तिला हुसकावू पाहतात, पण ती कोणास दाद देत नाही. शेवटी खांद्यावर लांब विळा घेऊन कोंबडा येतो आणि कोल्ही पळते.

गोष्ट अर्धी झाली नाही तोच मुले ओरडली, ‘ही तर काऊ-चिऊची!’ शेणाचे घर पावसात वाहून जाणारा कावळा आणि मेणाच्या घरात बसलेली चिमणी ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात आहे. तेथे बर्फ वितळतो, येथे पाऊस पडतो. जेथे जे संकट, तेथे ते गोष्टीत येते. मी मुलांस विचारले, ‘चिमणीने कावळ्यास दाराबाहेर ताटकळत ठेविले, सशाने दार लगेच उघडले. कोणाचे बरोबर?’ पूर येण्यापूर्वी हा प्रश्न विचारला असता तर ‘चिमणीचे’ असे सर्वांनी म्हटले असते, कारण कावळा लबाड असतो असे आपणच त्यांस शिकविलेले आहे. त्या दिवशी एक मुलगा म्हणाला, ‘चिमणीने दार उघडायला हवं होतं. आमचं घर भरलं तेव्हा शाळेचं दार उघडलं होतं.’ दुसरी मुलगी म्हणाली, ‘पण सशाने उघडलं आणि त्यालाच बाहेर काढलं.’ बराच वेळ वाद झाला. शेवटी तिसरा एक म्हणाला, ‘म्हणून शेजारी कोंबडा पाहिजे.’

यात माझे काही कौशल्य नव्हते. मी एक प्रश्न विचारला आणि गप्प राहिलो. तात्पर्य सांगून टाकले असते तर ही तीन वाक्ये मला ऐकावयास मिळाली नसती.

आता या पुस्तकांतील चित्रांविषयी थोडी माहिती देतो, कारण शिक्षकास ती असली पाहिजे. रशियन लोककथांचा मोठा संग्रह अलेक्सांद्र अफनास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६०० कथा आहेत. १८९९ पासून इव्हान बिलिबिन या चित्रकाराने अशा कथांसाठी चित्रे काढावयास प्रारंभ केला. ठसठशीत काळी रेघ, सपाट रंग आणि भोवती नक्षीची चौकट ही त्यांची ओळख. उत्तर रशियाच्या खेड्यांत हिंडून त्यांनी शेतकऱ्यांची घरे, कपडे आणि भरतकाम यांचा अभ्यास केला होता. युरी वास्नेत्सोव (१९००–१९७३) हे व्यात्का येथे जन्मले. तेथील मातीच्या रंगीत खेळण्यांची छाप त्यांच्या चित्रांवर दिसते. येवगेनी राचोव (१९०६–१९९७) यांचे कोल्हे व अस्वले शेतकऱ्यांचे कपडे घालून दोन पायांवर चालतात. या चित्रकारांनी आपल्या देशातील खेड्यांच्या कलेतून व जीवनातून पुस्तकातील चित्र घडविले, ही गोष्ट आपणांस महत्त्वाची वाटली पाहिजे.

ती का? आपल्या भागातील वारली घरांच्या भिंतींकडे पाहा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र हेही एक गोष्टच सांगत असते. डहाणू भागातील जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगापुढे नेली व २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग आपल्या वर्गातील मुलाने काऊ-चिऊची गोष्ट अशीच काढली तर तिचे पुस्तक का होणार नाही? आठ कोरे कागद मध्ये टाचले की पुस्तक तयार होते. रशियन पुस्तक दाखवावयाचे ते मुलांनी त्याची नक्कल करावी म्हणून नव्हे. आपल्या गावची गोष्टही पुस्तकात बसू शकते, हे त्यांस कळावे म्हणून.

पुस्तक वर्गात कसे वापरावे याविषयी काही सूचना करतो.

पहिली सूचना ही की, गोष्ट आदल्या रात्री आपण दोनदा वाचावी आणि पहिल्या दिवशी ती सांगावी, वाचू नये. पुस्तक एकच असते, मुले तीस असतात. त्यांस जमिनीवर अर्धवर्तुळात बसवावे आणि आपणही खाली बसावे. पुस्तक छातीशी न धरता मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, बाजूस धरावे. चित्र दाखविताना मनात वीसपर्यंत अंक मोजावेत आणि तोवर काही बोलू नये. ही स्तब्धता आपणांस जड जाते, मुलांस जात नाही.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट ओळीखाली बोट फिरवीत वाचावी. सलगमाच्या गोष्टीत तीच वाक्ये पुनःपुन्हा येतात आणि दर वेळी एक नाव वाढते. अशी गोष्ट पहिली-दुसरीच्या मुलांस वाचनाकरिता फार सोपी पडते, कारण पुढे कोणता शब्द येणार हे कानास आधीच ठाऊक असते. तिसऱ्या दिवशी मुलांनी ती करून दाखवावी. चौथ्या दिवशी आपल्या घरची तिच्यासारखी गोष्ट सांगावी, आणि ती घरच्या बोलीत सांगावी. वारली, कातकरी, ठाकरी, आगरी, कोणतीही बोली असो, त्या तासापुरती शुद्धाशुद्धाची लाल शाई बाजूस ठेवावी. ती गोष्ट मोठ्या मुलांनी लिहून घ्यावी. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील तेथे ही व्यवस्था विशेष सोयीची आहे.

अनोळखी वस्तूंस भिऊ नये. बाबा यागा ही रशियन चेटकीण उखळात बसून उडते, मुसळाने ते हाकते आणि मागची खूण झाडूने पुसते. शहरातील मुलास उखळ म्हणजे काय ते सांगावे लागेल. आपल्या मुलांच्या ओट्यावर ते असते. उलट, घरातील चुलीवर माणसे झोपतात हे चित्र पाहून आपली मुले हसतील. तेव्हा ती चूल विटांची, भिंतीएवढी मोठी असते आणि बाहेर नद्या गोठतील अशी थंडी असते, हे सांगावे. तोच भूगोलाचा पाठ होईल. फार लहान मुलांस बाबा यागा प्रथम सांगू नये. सलगम, ससा आणि तीन अस्वले यांनी आरंभ करावा. तीन अस्वलांची रशियन गोष्ट लिहिणारे लेव टॉल्स्टॉय यांनी १८५९ मध्ये आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांकरिता शाळा चालविली होती आणि १८७२ मध्ये मुलांसाठी ‘आझबुका’ म्हणजे मुळाक्षरांचे पुस्तक काढले होते. एवढ्या थोर लेखकास बालवाचनाचे काम हलके वाटले नाही.

हल्ली आणखी एक प्रश्न निघतो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. अशा वेळी रशियन गोष्टी का सांगाव्यात? मुले दूरचित्रवाणीवर हे पाहतात आणि विचारतात. त्यांस खरे ते सांगावे. आणि मग शेजारी युक्रेनची हातमोज्याची गोष्टही सांगावी. बर्फात पडलेल्या एका हातमोज्यात उंदीर शिरतो, मग बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. राचोव यांनी या गोष्टीचीही चित्रे काढली आहेत. रशियन लोकांत हीच गोष्ट लहान घराच्या रूपाने सांगतात. दोन्ही देशांतील आज्या नातवंडांस एकच गोष्ट सांगतात, हे मुलांनी स्वतः ताडून पाहावे.

वेळ कोठून आणावा, असे आपण म्हणाल. निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे, चाचण्या, माहिती भरणे, हे सर्व मी रोज पाहतो आणि त्यातील काही आपणांकडे मागणाऱ्यांपैकी मीही आहे. तरीही सांगतो की, आठवड्यातून वीस-वीस मिनिटांचे चार तास हे त्या उद्दिष्टांच्या बाहेरचे नाहीत. जे मूल बोलत नाही ते वाचणार नाही. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीस मानाचे स्थान दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची अंगणवाडी व कुरणशाळा उभी केली. ते कोसबाड २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा मार्ग. गोष्टीच्या बाबतीत मी तेवढेच मागत आहे.

पुस्तके कोठून मिळवावीत? जुन्या सोव्हिएत प्रती आता रद्दीच्या दुकानांत क्वचित हाती लागतात. १८६४ मध्ये स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या ग्रंथालयांत चौकशी करावी. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर अनेक भाषांतील बालपुस्तके विनामूल्य ठेवलेली आहेत, त्यांत जुनी रशियन पुस्तकेही आहेत. शाळेच्या पडद्यावर ती दाखविता येतील. तथापि शक्य तेथे कागदाचे पुस्तकच मुलांच्या हाती द्यावे. पडद्यावरील सलगमाभोवती बोट फिरवून त्या मुलीस माती उकरून दाखविता आली नसती.

शेवटी एक विनंती. पुढील महिन्यात मी आपल्या शाळांना भेटी देणार आहे. त्या वेळी ग्रंथालयाची नोंदवही तर पाहीनच, परंतु त्याआधी पुस्तके पाहीन. कोपरे दुमडलेली, पाने चिकटपट्टीने जोडलेली, बोटांचे डाग पडलेली पुस्तके दिसली तर मला समाधान वाटेल आणि शेऱ्यात मी तसे लिहीन. वापरून फाटलेल्या पुस्तकाबद्दल कोणाही शिक्षकास माझ्याकडून विचारणा होणार नाही, हे मी येथे सर्वांसमक्ष सांगतो. कुलूप लावलेले कपाट दिसले तर मात्र किल्ली मागेन, आणि आपणां दोघांच्या देखत ते मुलांकडून उघडवीन.